सालवनापासून वृक्षरेषेपर्यंत : गढवालच्या चढणीवर झाडे पाहताना

हिमालयात दर हजार मीटर उंचीमागे हवेचे तापमान सरासरी पाच ते सहा अंश सेल्सिअसने उतरते. त्यामुळे हृषीकेशच्या साडेतीनशे मीटरच्या आसपासच्या उंचीपासून उत्तराखंडातील तुंगनाथ मंदिराच्या डोक्यावरील चंद्रशिला शिखराच्या सुमारे चार हजार मीटरपर्यंत गेले, तर मैदानाच्या कडेचे तापलेले सालवन, मधले चीड (पाइन) आणि बांज (ओकचा एक प्रकार), त्यांच्या वरचे खरसू (उंचावरचा ओक) आणि बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन), आणि शेवटी जिथे झाड म्हणून काही उभे राहू शकत नाही ते गवताळ माथे, असा वनांचा सगळा पट एकाच वाटेवर आणि आठवड्याच्या आत पाहायला मिळतो. महाराष्ट्रातून तुंगनाथला जाणारे बहुतेक जण बर्फासाठी किंवा दर्शनासाठी जातात. आम्ही मे महिन्यात गेलो ते मुख्यतः झाडांसाठी, आणि निघताना मनात एक हिशेब होता.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने तयार झालेला आणि २०२० साली प्रसिद्ध झालेला हवामानबदलाचा राष्ट्रीय अहवाल सांगतो, की १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. हिंदुकुश-हिमालयाच्या पट्ट्यात मात्र १९५१ ते २०१४ या बऱ्याच कमी काळात ते सुमारे १.३ अंशांनी वाढले. शंभर मीटरला अर्ध्या अंशाहून थोडा अधिक हा उताराचा दर धरला, तर १.३ अंश म्हणजे दोनशे मीटरहून अधिक उंची. दोन पिढ्यांपूर्वी एखाद्या गावाच्या उंबऱ्यावर जी हवा होती, ती आज त्या गावाच्या वर, डोंगरात तेवढी चढून गेली आहे. मग त्या हवेच्या मागोमाग वनेही चढली का, आणि चढली नसतील तर त्यांना कशाने अडवले, हे पाहण्यासारखे होते.

पहिला दिवस : हृषीकेशजवळचे सालवन

राजाजी व्याघ्र प्रकल्पाच्या कडेने सकाळी लवकर निघालो, तरी आठ वाजेपर्यंत ऊन अंगाला चटके देऊ लागले होते. सालाच्या सावलीत शिरताच हवा बदलली. हा गारवा नुसत्या सावलीचा नसतो. पानांच्या पर्णरंध्रांतून पाणी बाष्परूपाने बाहेर पडते आणि त्या बाष्पीभवनाने पान आणि भोवतालची हवा दोन्ही थंड होतात. उन्हात असलेले पान हवेपेक्षा कितीतरी अंशांनी तापू शकते, आणि त्याला वाचवणारी मुख्य गोष्ट म्हणजे मुळांकडून वर येणारे हे पाणी.

पण झाडाचा पेच इथेच आहे. हवा एका अंशाने तापली, की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता साधारण सात टक्क्यांनी वाढते, म्हणजेच ती पानातून पाणी अधिक जोराने ओढू लागते. पाणी पुरत नसले की झाड पर्णरंध्रे मिटून घेते. मिटली की पाणी वाचते, परंतु कार्बन डायऑक्साइड आत येणेही थांबते, अन्न बनत नाही आणि पान तापत जाते. दुसरीकडे श्वसन चालूच असते आणि ते उष्णतेबरोबर वाढते. उष्ण कटिबंधातील वनांविषयी २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवले, की सरासरी ४६.७ अंशांच्या पुढे पानातील प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा कोलमडू लागते. आज अशी वेळ येणारी पाने फार थोडी, दहा हजारांत एखादे, आहेत. तरीही काही पाने आज त्या सीमेपर्यंत पोहोचतात, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

साल हे तसे चिवट झाड आहे. त्याची खरी नाजूक बाजू त्या दिवशी फांदीच्या टोकाला लोंबत होती. फिकट हिरव्या फळांचे घोस उन्हात हलत होते. एक खाली पडलेले फळ उचलून पाहिले, तर बीभोवती पाच पंख, त्यांतले तीन लांब आणि दोन आखूड, प्रत्येकावर समांतर शिरा स्पष्ट उठलेल्या. मेअखेर आणि जूनमध्ये ही फळे पिकतात आणि वाऱ्यावर गरगरत खाली येतात. सालाचे बी पडल्यानंतर जेमतेम आठवडाभर जिवंत राहते. आपल्याकडच्या बाभळीच्या बियांसारखे ते मातीत वर्षानुवर्षे वाट पाहत पडून राहू शकत नाही, आणि म्हणूनच पिकण्याचा काळ आणि पहिला पाऊस यांची गाठ पडणे हे त्याच्या वंशाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे असते. उन्हाळा लवकर तापून फळ आधी पिकले आणि पाऊस मात्र आपल्या वेळेने किंवा उशिरा आला, तर मधल्या कोरड्या आठवड्यात त्या वर्षीचे सगळे बी वाया जाते. मोठे झाड उभेच असते, हिरवेगार दिसते, आणि त्याच्या खाली नवे रोप मात्र उगवत नाही. तापमानवाढीचा असा परिणाम रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसणे फार कठीण आहे.

दुसरा दिवस : देवप्रयाग, श्रीनगर, गोपेश्वर

हा दिवस जवळजवळ सगळा गाडीत गेला. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा मिळतात तिथे थोडे थांबलो, गढवालमधल्या श्रीनगरला जेवलो, आणि रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, चमोली करीत संध्याकाळी गोपेश्वरला पोहोचलो. खालचे खोरे उष्ण, कोरडे आणि झुडपी आहे. वर पाहिले की उतारांवर चिडाचे वन दिसू लागते.

दुपारी एका वळणावर धुराचा वास आला. समोरच्या उतारावर राखाडी पट्टा पसरत होता आणि त्याच्या खालच्या कडेला बारीक ज्वाळांची ओळ सरकत होती. चालकांनी गाडी बाजूला घेतली आणि सांगितले, की हा वणवा दोन दिवसांपासून आहे आणि जमिनीवरच धुमसतो आहे. थोडे पुढे, न जळलेल्या भागात, आम्ही उतरून पाहिले. पायाखाली पिरूलाचा, म्हणजे चिडाच्या गळलेल्या सुयांचा, इतका जाड थर होता की पाऊल घसरत होते. सुया तीन-तीनच्या जुडीत असतात, खालच्या टोकाशी एका पातळ आवरणाने बांधलेल्या, वीतभर किंवा त्याहूनही लांब. राळेमुळे त्या लवकर कुजत नाहीत आणि सहज पेट घेतात. एप्रिल ते जून हा त्यांच्या गळण्याचा काळ, आणि हाच वर्षातला सर्वांत कोरडा काळ. खोडांवर लीसा काढण्यासाठी पाडलेल्या तिरक्या खाचा होत्या, त्यांतून राळ ओघळून वाळली होती. जमिनीवरची आग अशा खाचेपर्यंत पोहोचली की खोडालाच धरते.

येथील वणवे बहुतांशी माणसाच्या हातून लागतात, कधी चुकून, कधी कोवळ्या गवताच्या आशेने. पण ठिणगी पडल्यावर ती विझते की डोंगर पेटवते, हे जमिनीत ओल किती आहे यावर ठरते, आणि इथे तापमानवाढीचा संबंध येतो. गढवालला हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवामान-प्रणालींमुळे, पाऊस आणि बर्फ मिळतो. ज्या हिवाळ्यात तो कमी पडतो किंवा बर्फ लवकर वितळतो, त्यानंतरचा उन्हाळा कोरड्या पाचोळ्यावर उभा असतो. २०१६च्या एप्रिल-मेमध्ये अशाच परिस्थितीत उत्तराखंडात वणवे इतके पसरले, की हवाई दलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरांनी तलावांतून पाणी उचलून ते डोंगरांवर ओतले.

चिडाची साल जाड असते आणि साध्या आगीतून मोठे झाड बहुधा वाचते. आग लागून गेलेल्या उघड्या जमिनीवर त्याचे हलके बी चांगले रुजते. बांजाच्या कोवळ्या रोपांना तीच आग संपवते. त्यामुळे वारंवार वणवे लागणाऱ्या उतारावर हळूहळू चिडाची सरशी होते आणि बांज वर रेटला जातो. इथे लोक चिडाला सरसकट दोष देतात. मला ते पटत नाही. चीड हे याच डोंगरांचे झाड आहे. राळ आणि रेल्वेच्या स्लीपरांसाठी ब्रिटिश काळापासून त्याला मुद्दाम वाढवले गेले, बांज चाऱ्यासाठी आणि सरपणासाठी ओरबाडला गेला, आणि आता वाढता उन्हाळा आधीच एका बाजूला झुकलेल्या पारड्यात आणखी वजन टाकत आहे. उत्तराखंड सरकारने २०२४ साली पिरूल गोळा करून आणणाऱ्यांना किलोमागे पन्नास रुपये देण्याची योजना जाहीर केली होती. जंगलातला पाचोळा कमी करण्याचा तो सरळ उपाय आहे, आणि तो चिकाटीने चालायला हवा.

तिसरा दिवस : मंडल ते चोपता

गोपेश्वरहून चोपत्याकडे जाणारा रस्ता मंडल गावावरून जातो. १९७३च्या एप्रिलमध्ये याच गावाच्या रानात चिपको आंदोलनाचा पहिला प्रत्यक्ष संघर्ष झाला. स्थानिकांना नांगर आणि जू बनवायला अंगूचे (ॲश वृक्षाचे) लाकूड नाकारण्यात आले होते, आणि तीच झाडे खेळाचे साहित्य बनवणाऱ्या अलाहाबादच्या एका कंपनीला तोडायला दिली गेली होती. चंडीप्रसाद भट्ट आणि दशोली ग्राम स्वराज्य संघाचे कार्यकर्ते गावकऱ्यांबरोबर उभे राहिले आणि कंपनीच्या माणसांना झाडे न तोडता परतावे लागले. त्याच्या मागे १९७०च्या जुलैमधील अलकनंदेच्या महापुराची आठवण ताजी होती. उघडे झालेले डोंगर पाणी धरू शकत नाहीत, हे या लोकांनी त्या पुरात पाहिले होते. आज कुऱ्हाडीचा धोका इथे पूर्वीइतका नाही. परंतु झाड आणि पाणी यांचे जे नाते मंडलच्या लोकांनी तेव्हा ओळखले, तेच या सगळ्या प्रवासात मला पुन्हा पुन्हा समोर दिसत राहिले.

मंडलच्या पुढे रस्ता केदारनाथ वन्यजीव अभयारण्यात शिरतो आणि बांजाचे दाट वन सुरू होते. कालचा चिडाचा उतार आणि आजचा हा उतार यांत उंचीचा फरक काही शे मीटरांचा असेल, पण पायाखालची जमीन अगदी निराळी. बांजाची पाने वरून गर्द हिरवी, खालून पांढुरकी. ती कुजून काळी, भुसभुशीत माती होते. खोडांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, आणि मे महिन्यातही दगडांच्या फटींतून झिरपणारे पाणी. बांजाखालचे पाणी गोड आणि थंड असते असे गढवाली माणसे सांगतात, त्यात नुसते प्रेम नाही. हा जाड थर पावसाचे आणि बर्फाचे पाणी मुरवतो आणि सावकाश सोडतो. तापत्या काळात ही साठवण खालच्या गावांना आणि खुद्द झाडांना, दोघांनाही लागणार आहे.

बुरांश बांजाच्या सोबतीनेच येतो. खालच्या उंचीवर त्याचा बहर संपून गेला होता, झाडाखाली नुसत्या तपकिरी पाकळ्या उरल्या होत्या. जसजसे वर गेलो तसतशी फुले दिसू लागली, आधी लाल, मग गुलाबी. उंचीबरोबर या फुलांचा रंग फिकट होत जातो. एरवी फेब्रुवारी-मार्चपासून खालून वर चढत जाणारा हा बहर अलीकडे अनेक वर्षी जानेवारीतच सुरू झाल्याचे दिसते. जुन्या वनस्पतिसंग्रहांतील वाळवलेल्या नमुन्यांच्या तारखा आणि आजची निरीक्षणे एकत्र करून मध्य हिमालयातील बुरांशाचा जो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, त्याचा अंदाज असा, की गेल्या शंभर वर्षांत फुलोरा ८८ ते ९७ दिवसांनी अलीकडे सरकला. तीन महिने हा आकडा प्रथम वाचला तेव्हा मी तो परत परत वाचला. एखाद्या झाडाचा एक संपूर्ण ऋतूच बदलावा, इतका हा बदल मोठा आहे.

लवकर फुलण्यात वाईट काय, असे कोणी विचारील. कळी हिवाळ्यातल्या उबदार दिवसांना फसून उमलते आणि फेब्रुवारीत पुन्हा बर्फ पडला की काळवंडते. फुलातला मध पिणारे आणि परागण करणारे शिंजीर पक्षी त्या उंचीवर पोहोचलेले असतीलच असे नाही. आणि माणसाचे पंचांगही झाडाला बांधलेले असते. चैत्र संक्रांतीला, मार्चच्या मध्यावर, गढवाल-कुमाऊँमध्ये फूलदेई हा सण असतो; मुले पहाटे फ्योंली या पिवळ्या रानफुलाची आणि बुरांशाची फुले वेचून घरोघरच्या उंबऱ्यावर ठेवतात. चोपत्याजवळच्या चहाच्या दुकानातल्या आजींनी सांगितले, की त्यांच्या माहेरच्या खालच्या गावात आता त्या दिवसापर्यंत बुरांश झडून गेलेला असतो आणि मुलांना फुलांसाठी बरेच वर चढावे लागते. कोकणातल्या आंबा बागायतदाराला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. हापूसला मोहोर धरायला डिसेंबरची थंडी लागते, आणि ती थंडी लांबली किंवा मधेच ढगाळली की पुढचा सगळा हंगाम बिघडतो.

चोपत्याच्या अलीकडे खरसूचे वन लागले. हा हिमालयातल्या ओक वृक्षांपैकी सर्वांत उंचावर जाणारा. झाडे प्रचंड, वयस्क, काहींच्या फांद्या चाऱ्यासाठी इतक्या छाटलेल्या की खोडावर नुसते पानांचे झुपके उरले आहेत. मी बराच वेळ झाडांखालची जमीन पाहत फिरलो. मोठी झाडे पुष्कळ होती. गुडघाभर उंचीची रोपे शोधावी लागत होती. खरसूच्या या अडचणीची कारणे गुरेचराई आणि छाटणी ही आहेतच, पण आणखी एक कारण सालाच्या गोष्टीची आठवण करून देणारे आहे. खरसूचे बी जुलै-ऑगस्टच्या पावसात पिकते आणि पुष्कळदा झाडावर असतानाच त्याला मोड येतो. पडल्यापडल्या ओली माती मिळाली तरच ते जगते. तापमान वाढल्याने बी पावसाच्या आधीच पिकू लागले, तर ही साखळी तुटेल, ही भीती नैनीतालचे परिसंस्था-अभ्यासक एस. पी. सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली आहे. साडेतीनशे मीटरवरचा साल आणि अडीच-तीन हजार मीटरवरचा खरसू, दोन्ही मान्सूनच्या वेळेवर विसंबून आहेत. आपण उष्णतेचा विचार अंशांत करतो. या दोन झाडांच्या बाबतीत तो तारखांत करायला हवा, हे मला त्या दिवशी नीट उमगले.

चौथा दिवस : तुंगनाथ आणि चंद्रशिला

चोपत्याहून तुंगनाथपर्यंतची फरसबंद वाट साडेतीन किलोमीटरांची आहे. मंदिराची दारे नुकतीच उघडली होती आणि वाटेवर यात्रेकरूंची वर्दळ होती. आम्ही सावकाश चढलो, कारण या छोट्या अंतरात झाडे कशी संपतात ते पाहायचे होते.

सुरुवातीला खरसू, बुरांश आणि मधूनमधून रागा, म्हणजे हिमालयीन फर. मग झाडे बुटकी होऊ लागली आणि सिमरू या झुडपी बुरांशाने उतार व्यापला. त्याची खोडे जमिनीलगत वाकून पुन्हा वर उठलेली, कारण हिवाळाभर त्यांच्यावर बर्फाचे ओझे असते. सिमरूच्या पानाची खालची बाजू दालचिनीच्या रंगाच्या लवीने भरलेली आहे, आणि कडाक्याच्या थंडीत ही पाने खाली लोंबून आतल्या बाजूला सुरळी होतात. त्याच्याही पुढे बुग्याल, म्हणजे उंचावरची गवताळ कुरणे, सुरू झाले. सावलीच्या उतारांवर, बर्फ उशिरापर्यंत राहतो अशा घळींमध्ये, भोजपत्राची, म्हणजे आपल्या पोथ्यांतल्या भूर्जाची, पांढरी खोडे नव्या पालवीने भरत होती.

झाडांची ही वरची सीमा थंडीने ठरते, आणि त्यामागचे कारण मोठे रंजक आहे. बाझेल विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ ख्रिस्तियान कोर्नर यांनी जगभरच्या डोंगरांवर मातीतले तापमान मोजून दाखवले, की वाढीच्या हंगामाचे सरासरी तापमान जिथे सहा अंशांच्या थोडे वर असते, साधारण तिथेच वृक्षरेषा असते, मग तो डोंगर आल्प्समधला असो वा विषुववृत्तावरचा. त्या थंडीतही पाने अन्न बनवू शकतात. पण नव्या पेशी, नवे लाकूड घडवण्याचे काम पाच अंशांच्या खाली जवळजवळ थांबते. गवत आणि छोटी झुडपे जमिनीच्या उबेला चिकटून राहतात, म्हणून ती आणखी वर जातात. झाड उंच वाढते, वाऱ्यात उभे राहते, आणि त्याचे तापमान हवेइतकेच राहते.

यावरून वाटेल, की हवा तापली म्हणजे वृक्षरेषा आपोआप वर जाईल. जगातल्या १६६ ठिकाणच्या नोंदी एकत्र करून २००९ साली जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात १९०० सालानंतर ५२ टक्के ठिकाणी वृक्षरेषा वर सरकल्याचे आढळले आणि खाली आल्याचे उदाहरण केवळ एक टक्का ठिकाणी सापडले. म्हणजे दिशा स्पष्ट आहे. पण जवळजवळ निम्म्या ठिकाणी काहीच हालचाल झालेली नाही, आणि मी घरून करून आणलेला दोनशे मीटरांचा हिशेब तुंगनाथच्या उतारावर तर कुठेच लागू पडताना दिसत नव्हता. मंदिराच्या खालच्या बुग्यालात मला मोठी झाडे वर आलेली दिसली नाहीत. दिसली ती सिमरूच्या जुन्या झुडपांच्या वरच्या कडेला, दगडांच्या आडोशाने उगवलेली त्याचीच लहान रोपे.

असे का, याची उत्तरे उतारावरच पसरलेली होती. सिमरूचे आणि बुरांशाचे बी धुळीसारखे बारीक, भोजपत्राचे पंख असलेले आणि हलके. ते वारा वर नेतो. खरसूचे गोल, जड बी वर न्यायला कोणी पक्षी किंवा खार लागते, आणि गुरुत्वाकर्षण त्याला खालीच ओढते. त्यात उन्हाळ्यात वर येणारे कळप कोवळी रोपे खातात. माती पातळ आहे. आणि सर्वांत मोठे कारण पुन्हा ओल हेच आहे. नेपाळमध्ये एव्हरेस्टच्या परिसरात भोजपत्राच्या वृक्षवलयांचा जो अभ्यास झाला, त्यात असे आढळले की वरच्या सीमेवरच्या या झाडाची वाढ थंडीपेक्षा मान्सूनपूर्व महिन्यांतल्या कोरडेपणाने अधिक रोखली जाते. ज्या वर्षी वसंत कोरडा आणि उष्ण, त्या वर्षीचे वलय अरुंद. काही झाडांत ते उमटतच नाही. उष्णतेने ज्या झाडाचा फायदा व्हायला हवा, त्याच झाडाला ती बर्फ लवकर वितळवून आणि माती सुकवून मागे ओढते.

याच्या उलट चित्रही आहे, आणि ते पुण्यातल्या त्याच मौसमविज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेतून आले आहे. तिथे वृक्षवलयांचा अभ्यास कित्येक दशके चालू आहे. जिवंत खोडाला इजा न होईल इतक्या बारीक पोकळ गिरमिटाने, पेन्सिलीहून सडपातळ असा लाकडाचा दांडा काढून त्यातली वलये मोजतात. हिमाचलातील किन्नौरच्या उंचावरील शंकुधारी वृक्षांत या अभ्यासकांना अलीकडच्या दशकांत वाढीचा वेग वाढलेला दिसला आणि त्याचा संबंध उबदार होत गेलेल्या हिवाळ्यांशी जुळला. हिमनद्यांच्या आणि बर्फाच्या पाण्याने मुळे ओली राहिली, तर तीच ऊब झाडाला मानवते. एकाच पर्वतरांगेत, एकाच वाढत्या तापमानात, एक झाड झपाट्याने वाढते आणि दुसरे खुरटते, आणि दोघांतला फरक मुळाशी असलेल्या पाण्याचा.

तुंगनाथचे मंदिर सुमारे ३,६८० मीटर उंचीवर आहे. दर्शन घेऊन चंद्रशिलेवर गेलो. चौखंबा आणि नंदादेवी ढगांआड होत्या, पण पायाखालचे पुरेसे होते. श्रीनगरच्या हेमवतीनंदन बहुगुणा गढवाल विद्यापीठाचे उंचावरील वनस्पतींच्या संशोधन केंद्राचे क्षेत्रस्थानक याच परिसरात आहे. अतीस, कुटकी अशा औषधी वनस्पती या माथ्यांवर वाढतात. खालून झुडपे आणि झाडे वर आली, तर झाडांना जागा मिळेल, परंतु या छोट्या वनस्पतींना सरकायला वर काहीच शिल्लक नाही. शिखराचा माथा काही पावलांत संपतो. हिमालयात आणखी उंच डोंगर आहेत हे खरे, पण बी त्या डोंगरापर्यंत जायला मधल्या खोल दऱ्या ओलांडाव्या लागतात.

पाचवा दिवस : उखीमठच्या बाजूने उतरताना

परतीला दुगलबिट्ट्यावरून उखीमठची बाजू धरली. खाली येताना रस्त्याच्या कडेला मुले पानांच्या द्रोणात काफळ विकत होती. गडद लाल, आंबटगोड. याच दिवसांत ओरडणाऱ्या पक्ष्याच्या आवाजात गढवाली कानाला 'काफळ पाको' असे ऐकू येते, आणि त्यावरची आई-मुलीची करुण लोककथा इथल्या प्रत्येक घरात माहीत आहे. काफळ हा बांजाचा शेजारी आहे. बांज मागे सरला की तोही सरतो.

उखीमठच्या अलीकडे एका गावात महिला मंगल दल या गावातल्या स्त्रियांच्या गटाच्या बायकांनी बांजाची रोपवाटिका केली आहे, असे चालकांनी सांगितले, म्हणून तिथे थांबलो. गावच्या वरच्या धाऱ्याचे, म्हणजे झऱ्याचे, पाणी उन्हाळ्यात कमी होत चालले, तेव्हा त्यांनी हे काम हाती घेतले. पिशव्यांमध्ये वीतभर उंचीची रोपे होती. बी कुठून आणता, असे विचारल्यावर त्यांतल्या एका ताईंनी समोरचा उतार दाखवला आणि सांगितले, की पूर्वी त्या जवळच्या कोणत्याही झाडाखालचे बी घेत असत, आता मुद्दाम खालच्या, जास्त ऊन खाणाऱ्या आणि तरीही तग धरून असलेल्या झाडांखालचे वेचतात. तापत्या हवेत टिकेल असे बी निवडण्याचा हा विचार वनशास्त्रज्ञही आज मांडतात. इथे तो रोजच्या अनुभवातून आला होता. किडलेले बी वेगळे करण्यासाठी त्या सगळे बी बादलीतल्या पाण्यात टाकतात, वर तरंगते ते फेकतात आणि तळाशी बसते ते पिशवीत लावतात.

चिडाच्या कडेला त्या ही रोपे लावणार आहेत, म्हणून आधी तिथला पिरूल काढून आगीची पट्टी मोकळी करावी लागते, आणि भोवती काट्यांचे कुंपण घालावे लागते. पाऊस सुरू झाला की लावणी. पहिल्या दोन उन्हाळ्यांत प्रत्येक रोपाला पाणी खालच्या धाऱ्यावरून डोक्यावर वाहून न्यावे लागते, आणि त्या गावात यंदा त्यासाठी घरटी एक बाई अशी पाळी लावली आहे.